फूटपट्टी एकच हवी: मदरसा, आळंदी आणि आपले श्रामणेर

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की धाराशिव जिल्ह्यात पटनोंदणीची धावपळ सुरू होते. शिक्षक, अंगणवाडी ताई आणि आमच्यासारखे कार्यकर्ते याद्या घेऊन वस्त्यांवर फिरतात. ऊसतोडीवरून परतलेले, वीटभट्टीवर राहिलेले, आजोळी सोडलेले अशा मुलांचा एकेक करून पत्ता लागतो. मुस्लिम मोहल्ल्यात मात्र दोन-चार घरी वेगळे उत्तर मिळते, "त्याला हिफ्जला टाकलंय." मूल सहा-सात वर्षांचे असते. मदरसा कधी जिल्ह्यातलाच, कधी लातूर-सोलापूरकडचा, कधी थेट गुजरातचा. गुरुजी वहीत 'बाहेरगावी' असे लिहितात आणि पुढच्या दारात जातात.

हा विषय बौद्ध तरुणांसमोर कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. मदरशांविषयीचे जे फॉरवर्ड आज आपल्या पोरांच्या मोबाइलवर फिरतात ते आपल्या चळवळीतून आलेले नाहीत. ते कुठून येतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरीही जयंतीच्या ग्रुपवर ते बिनदिक्कत पुढे ढकलले जातात. दुसऱ्या बाजूला आपले काही ज्येष्ठ कार्यकर्ते 'तो त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे' म्हणून विषय मिटवतात. आम्हाला दोन्ही पटत नाही. सात वर्षांचे मूल शाळेत नसेल तर तो देशाचा प्रश्न आहे, मग ते मूल कुणाचेही असो. आणि तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातली फूटपट्टी सगळ्यांसाठी एकच असली पाहिजे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. मकतब आणि मदरसा एक नाहीत. मकतब म्हणजे मशिदीत किंवा कुणाच्या घरी सकाळ-संध्याकाळ तासभर भरणारा वर्ग. अरबी अक्षरओळख, कुराण पाहून वाचणे म्हणजे नाझरा, नमाज, दुवा. तिथून उठून मूल दप्तर घेऊन शाळेत जाते. आपल्या विहारात रविवारी भरणारा धम्म संस्कार वर्ग आणि मकतब यांच्या रचनेत फारसा फरक नाही. पूर्णवेळ निवासी मदरसा वेगळा. तिथे मूल राहते, जेवते, झोपते. हिफ्जच्या वर्गात कुराणाचे तीसही पारे, सहा हजारांहून जास्त आयती, तोंडपाठ करायच्या असतात. दिवस पहाटे फजरच्या नमाजाच्या आसपास सुरू होतो. नवा धडा तो सबक, गेल्या काही दिवसांचे पाठांतर ती सबकी, जुन्याची उजळणी ती मंजिल. पूर्ण व्हायला साधारण दोन ते चार वर्षे लागतात. मग दस्तारबंदी, डोक्यावर पगडी, आणि पोरगा 'हाफिज साहब'. पुढे शिकायचे असेल तर आलिमचा सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम. तो लखनौच्या फरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने 'दर्स-ए-निजामी' म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा साचा अठराव्या शतकातला आहे.

किती मुले या वाटेने जातात? न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशात शिकतात. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे, जो कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधीच शाळेत गेलेली नव्हती किंवा शाळा सोडून बसलेली होती. मदरशात असलेल्या एका मुलामागे आठ मुले कुठल्याच वर्गात नव्हती. गॅरेजमध्ये, बेकरीत, फळांच्या गाड्यावर, घरात धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांच्यावर टीव्हीवर चर्चा होत नाहीत.

तरीही ती तीन टक्के मुले आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलायला हवे.

घरे हा निर्णय का घेतात? जिल्ह्यात आम्हाला जी घरे भेटतात त्यांत बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, कुरेशी अशी हातावर पोट असलेली माणसे जास्त. मशिदीत तरावीहला उभा राहून महिनाभर कुराण म्हणणारा मुलगा आपल्या पोटी यावा ही श्रद्धा तर असतेच, आणि ती कमी लेखण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. हाफिज मुलाच्या आईबापाला परलोकात मान मिळतो असे मानले जाते. इहलोकात, मोहल्ल्यात तर तो लगेच मिळतो. ज्या बापाला बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात कुणी 'या, बसा' म्हणत नाही, त्याच्यासाठी 'हाफिज के वालिद' ही ओळख लहान नसते. पण बोलणे थोडे पुढे गेले की दुसऱ्या गोष्टी निघतात. तिथे तीन वेळचे जेवण आहे. फी नाही. कपडे मिळतात. पोरगं मोबाइल आणि गुटख्यापासून लांब राहतं. आई शिलाईवर, बाप सेंट्रिंगच्या कामाला. घरी बघायला कोण? २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर ज्या कुरेशी घरांचा धंदा बसला, त्या घरांत एक तोंड कमी होणे हा हिशेबाचा भाग असतो. कुणी तसे बोलत नाही, पण हिशेब तोच.

हे ऐकताना आपल्याला काहीच ओळखीचे वाटत नाही का? बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यातली आपल्या आजोबांची पिढी अंगावरच्या कपड्यानिशी तिथे पोहोचली. ज्ञानाची ओढ होतीच, पण वसतिगृहातल्या भाकरीचा त्यात वाटा नव्हता असे कोणी म्हणू नये. फुकट राहणे, फुकट जेवणे आणि समाजात मान, या तीन गोष्टी एकत्र देणारी संस्था गरीब घराला ओढून घेते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की मिलिंदमधून बाहेर पडणाऱ्याच्या हातात पदवी होती.

या जिल्ह्यात आणखी एक जुना पदर आहे. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदवीचे शिक्षणसुद्धा उर्दूतून मिळे. रझाकारांचा जाच इथल्या गावागावांनी भोगला. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाच्या बाजूने उभे राहू नका असे बजावले होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने ते राज्य संपले, ते योग्यच झाले. पण कारवाईच्या काळात आणि नंतर सामान्य मुस्लिमांवर जे ओढवले त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली. मृतांचा अंदाज तिने २७ ते ४० हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. तो अहवाल सर्वसामान्यांना वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास. उर्दूतून शिकून नोकरीला लागण्याची वाट तर काही वर्षांतच बंद झाली. आज हिफ्जला गेलेले प्रत्येक पोर १९४८ मुळे तिथे आहे असे म्हणणे बाष्कळ ठरेल. पण सरकारी कचेरी ही आपली जागा नव्हे आणि मशिदीचा ओटा ही आपली जागा, ही भावना या मातीत कुठून आली हे कळायला त्याची मदत होते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. उर्दू शाळेतल्या रिकाम्या शिक्षकपदांची कहाणी बदलली नाही.

उर्दू शाळांचे दुखणे वेगळे सांगायला हवे, कारण मुलींची वाट तिथेच अडते. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा अनेक ठिकाणी पाचवी किंवा सातवीपर्यंतच. पुढे तालुक्याला जायचे तर एसटीची वेळ, रस्ता, लोकांचे बोलणे. मग मुलगी एकतर घरी बसते, नाहीतर मुलींच्या निवासी मदरशात जाते, जिथे 'सुरक्षित' आहे असे घराला वाटते. राज्य सरकारच्याच आकड्यांत २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि २०२३ मध्ये त्यांना एकत्र करून समूह शाळा काढण्याचे घाटत होते. लहान उर्दू शाळा आणि आपल्या वस्तीवरची लहान मराठी शाळा, दोन्ही त्याच रांगेत उभ्या आहेत. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, तीही मुस्लिम मुलांबरोबर बौद्ध मुलांची गेली. आपल्यातल्या किती जणांनी त्यावर एक निवेदन दिले?

आता कायद्याकडे. इथे बाबासाहेबांचा संबंध थेट येतो. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा होती. ही जबाबदारी फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी अशी दुरुस्ती एका सदस्याने मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा होता की १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नाही असे आपण मूलभूत हक्कांत म्हटले आहे, तेव्हा त्या वयापर्यंत मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे. चौदा हा आकडा असा बालमजुरीच्या बंदीशी बांधलेला आहे. राज्यघटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत हे साधायचे होते. ५२ वर्षे गेली, मग २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ (अ) आले आणि २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा.

त्या कायद्याचे पुढे काय झाले हे आपल्या कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डासह अनेक संघटनांनी मदरशांना कायद्यातून वगळण्याची मागणी लावून धरली. कपिल सिब्बल मनुष्यबळ विकास मंत्री असताना दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट २०१२ पासून मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर गेल्या. वाक्य पुन्हा वाचा. मदरसे आणि वैदिक पाठशाळा. एकाच ओळीत, एकाच सवलतीत. मुल्ला आणि भट या ठिकाणी एकत्र आले आणि कुणाला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मे २०१४ मध्ये प्रमती निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या सगळ्याच शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून मोकळ्या केल्या.

आमचे म्हणणे असे की २०१२ ची दुरुस्ती ही मोठी चूक होती. कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, तो आपल्यालाही आहे आणि तो राहिला पाहिजे. पण कलम २१ (अ) चा हक्क संस्थेचा नाही, बापाचाही नाही. तो मुलाचा आहे. संस्था वगळताना मूलही वगळले गेले. सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय राज्याने सगळ्यात गरीब बापाच्या खांद्यावर टाकला आणि हात झटकले.

मग अधूनमधून त्याच राज्याला जाग येते. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने जाहीर केले की इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशांतली मुले शाळाबाह्य धरली जातील. तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार राज्यात १,८९० नोंदणीकृत मदरसे होते आणि त्यांतल्या ५५० नी हे विषय शिकवण्याची तयारी दाखवली होती. गदारोळ झाला, दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. मूल 'शाळाबाह्य' ठरल्यावर त्याला कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात, कोणत्या वसतिगृहात घेणार, यावर मात्र फार कोणी बोलले नाही. २०१३ पासून राज्यात डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. तिच्यातल्या डी.एड. शिक्षकांना महिना ६,००० आणि बी.एड. शिक्षकांना ८,००० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, ते १६,००० आणि १८,००० झाले. चांगलेच झाले. अकरा वर्षे सहा हजारांत गणित शिकवायला कोण येणार होते?

उत्तर प्रदेश-बिहारसारखे मदरसा बोर्ड महाराष्ट्रात नाही. इथे नोंद होते ती संस्थेची; मुलाने काय शिकले याची नाही. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, तो रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला, मात्र कामिल आणि फाजिल या पदव्या त्या बोर्डाला देता येणार नाहीत असे सांगितले. आपल्यासाठी त्या निकालातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. धार्मिक अल्पसंख्याकांच्या संस्थांमध्ये इतर विषयांचे शिक्षण योग्य दर्जाचे मिळावे यासाठी, त्यांचे अल्पसंख्याक स्वरूप न मोडता, राज्य नियम करू शकते. म्हणजे मदरसे बंद पाडणे किंवा त्यांच्याकडे बघायचेच नाही, या दोनच वाटा आहेत हे खरे नाही.

पोलिसी वाटेचे काय होते याचा नमुना आपल्या राज्यातच आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर ५९ मुलांना उतरवण्यात आले. बिहारच्या अररिया भागातली, ८ ते १७ वयाची ही मुले सांगलीच्या मदरशाकडे निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, ते सुमारे चार आठवडे तुरुंगात होते. मुले अनेक दिवस बालगृहात राहिली. चॅनेलवाल्यांनी त्या आठवड्यात जे दाखवायचे ते दाखवले. पुढे तपासात तस्करी निघाली नाही आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ती बातमी मात्र कुणाच्या ग्रुपवर आली नाही. आम्हाला यात सगळ्यात जास्त खटकते ते हे: आठ वर्षांचे मूल दीड हजार किलोमीटर लांब शिकायला का पाठवावे लागते, हा खरा प्रश्न त्या ५९ मुलांमुळे विचारता आला असता. तस्करीचा आरोप पडला आणि तो प्रश्नही त्याच्याबरोबर पडला.

आता फूटपट्टी दुसरीकडे लावू. मराठवाड्यातले शेतकरी, ऊसतोड मजूर आपली मुले आळंदीला पाठवतात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिची परंपरा मोठी आहे. पण तिच्याभोवती पुढे खासगी निवासी संस्थांचे पीक आले. त्यांतल्या काहींमधून मुलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या, गुन्हे दाखल झाले, आणि शेवटी सरकारला या संस्थांची तपासणी हाती घ्यावी लागली. आठ-दहा वर्षांचे पोर तिथे का जाते? राहणे, जेवणे, वळण लागणे, मान. कारणांची यादी शब्दशः तीच आहे. तरी बीड-धाराशिवचा बाप मुलाला पखवाज शिकायला आळंदीला सोडतो तेव्हा आपण त्याला 'संस्कार' म्हणतो, आणि शेजारचा बाप मुलाला हिफ्जला सोडतो तेव्हा 'कट्टरता'. मूल मात्र दोन्हीकडे तितकेच एकटे असते. बंद दाराच्या आत, घरापासून लांब, तक्रार कुणाकडे करायची हे न कळणारे. निवासी संस्था मग ती आश्रमशाळा असो, मठ असो की मदरसा, तिथे बाहेरच्या माणसाची नियमित ये-जा पाहिजे. हे धर्माने ठरत नाही.

आणि आपले? बौद्ध महासभेची दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे बहुतेक सुट्टीत होतात, तिथवर ठीक आहे. पण कर्नाटकात बैलकुप्प्याच्या तिबेटी विहारांत, लडाखमध्ये, तवांगला सात-आठ वर्षांची मुले पूर्णवेळ चीवर घालून राहतात, आणि त्यांचे गोड फोटो आपण बुद्धपौर्णिमेला स्टेटसला ठेवतो. त्या मुलांना कुणी विचारले होते?

या बाबतीत विनयपिटकातला महावग्ग प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावा. राजगृहात सतरा मुलांची टोळी होती, उपाली त्यांचा म्होरक्या. उपालीचे आईबाप विचार करत बसतात की आपल्यामागे हा पोरगा सुखाने कसा जगेल. लेखन शिकवावे तर बोटे दुखतील, गणित शिकवावे तर छाती भरून येईल, नाण्यांची पारख शिकवावी तर डोळे जातील. हे भिक्खू बरे, चांगले जेवतात, वाऱ्यापावसापासून सुरक्षित झोपतात. मग सतराही मुले भिक्खू होतात आणि पहाटे उठून पेज मागत रडतात. तथागतांच्या कानावर ते रडणे जाते. तेव्हा नियम होतो की वीस वर्षांखालच्याला उपसंपदा द्यायची नाही, कारण त्याला थंडी, ऊन, भूक, तहान सोसत नाही. श्रामणेर होण्यासाठीही पंधरा वर्षांची मर्यादा आली. पुढे एका उपासकाचे सगळे कुटुंब रोगात मेले, दोन लहान मुले उरली, आनंदांनी त्यांच्यासाठी विचारले, आणि कावळे हाकलता येण्याइतका मोठा मुलगा असेल तर चालेल अशी सवलत झाली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही लहान मूल संघाच्या दाराशी आले ते पोटासाठी किंवा पोरके झाल्यामुळे. राहुलाला परंपरेनुसार सातव्या वर्षी प्रव्रज्या मिळाली तेव्हा शुद्धोदन दुखावले. त्यांच्या विनंतीवरून आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाला घ्यायचे नाही असे ठरले.

शुद्धोदनांच्या मागणीने आईबापाचे दुःख ओळखले. मुलाच्या स्वतःच्या हक्काची भाषा तेव्हा कुठल्याच धर्माकडे नव्हती. ती आपल्याला संविधानाने दिली. विनयाची पंधरा आणि संविधानाची चौदा, हे दोन आकडे इतके जवळ आहेत याचे आम्हाला तरी अप्रूप वाटते.

मग भूमिका काय घ्यायची? चौदा वर्षांपर्यंत धर्मशिक्षण शाळेच्या बरोबरीने असावे, शाळेच्या जागी नको. मदरशाला, वेदपाठशाळेला, वारकरी संस्थेला आणि विहाराला हे सारखेच लागू. हाफिज होणे आणि दहावी होणे एकत्र जमते याची उदाहरणे शेजारीच आहेत. उमरग्याच्या पलीकडे बीदरला १९८९ मध्ये सुरू झालेली शाहीन संस्था हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलांना शाळेच्या अभ्यासक्रमात परत आणते, आणि त्यांतली काही मुले नीट देऊन डॉक्टर व्हायला गेली. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशाच्या आवारातच अभियांत्रिकी आणि फार्मसीपर्यंतचे शिक्षण उभे केले. त्याच मौलानांना २०११ मध्ये देवबंदचे प्रमुखपद सहा महिन्यांत सोडावे लागले, तेव्हा आतला विरोधही लक्षात घ्यायला हवा. जमियत उलमा-ए-हिंदने २०२१ मध्ये मदरशातल्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करता यावी म्हणून स्वतःची मुक्त शाळा काढली. म्हणजे उलेमांमध्येही हा वाद चालू आहे, आणि आपण बाहेरून दगड मारले तर त्यात कोणाचा हात बळकट होईल हे सांगायला नको.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्याचे हिफ्ज पूर्ण होत नाही त्या पोराची. पंधरा पाऱ्यांवर अडकले, मार खाल्ला, पळून आले किंवा आजारी पडून घरी परतले. वय अकरा-बारा. हाफिज म्हणून मान नाही, शाळेत नाव नाही. मराठी वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी कच्ची. शाळेत पहिलीच्या पोरांबरोबर बसायची लाज वाटते. दोन महिन्यांत ते पंक्चरच्या दुकानात दिसते. मदरशांच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांच्याही हिशेबात हे पोर नाही.

त्याच्यासाठी कायद्यात जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या कुठल्याही मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवा असे सांगणारा मुख्याध्यापक चुकीचे सांगतो आहे, आणि प्रवेश नाकारणारा तर बेकायदा वागतो आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे आपली माणसे आहेत, त्यांनी हे बोलावे. हंगामी वसतिगृह फक्त ऊसतोडीच्या मुलांसाठी न ठेवता आईबाप कामावर असलेल्या सगळ्याच घरांसाठी मागावे. मोहल्ल्यातल्या मौलानांना भेटायला पोलीस पाटलाला बरोबर नेऊ नये, उर्दू शाळेच्या गुरुजींना न्यावे. आमचा अनुभव असा की बहुतेक मौलाना ऐकून घेतात. त्यांची स्वतःची मुले पुष्कळदा शाळेत असतात.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तिथे दरवर्षी अभिवादनाला जाणाऱ्या तरुणांनी परतताना एकदा आपल्या तालुक्यातल्या उर्दू शाळेचा पट आणि मंजूर शिक्षकसंख्या मागून बघावी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ज्या घराने मुलाला हिफ्जला पाठवायचे ठरवलेच आहे, तिथे वाद घालत बसू नये. मुलाला निदान पाचवी होऊ द्या, आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा, एवढे सांगावे. पाचवी झालेला मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू शकतो. पहिलीतच नाव कमी झालेल्याला मुक्त विद्यालयाच्या वाटेने अक्षरओळखीपासून यावे लागते, आणि तिथवर त्याला घेऊन जायला बहुतेक वेळा कुणी नसते.